गल्लीत वाचलेलं पुस्तक
सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आला की मला माझं पहिलं पुस्तक आठवतं. सोलापुरातल्या एका विणकराच्या मागे तीन वर्षं हिंडून मी त्याचं बोलणं वहीत उतरवलं होतं; तेलुगूत सुरू होऊन मराठीत संपणारी वाक्यं, गाणी, शिव्या, सगळं. ते छापणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "आधी शुद्ध करा, मग छापू." मला लेखक व्हायची घाई होती, मी शुद्ध केलं. सत्कार झाला, शाल मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते चाळीस पानी पुस्तक घेऊन मी त्या विणकराकडे गेलो. त्यानं गल्लीभर उभ्या सुताचा ताणा पसरला होता. खळ वाळायच्या आत कुंचा फिरवावा लागतो, म्हणून तो थांबला नाही. "तुमी वाचा की. हात गुंतलेत, कान रिकामेच हायत." मग त्यानं बायकोला हाक मारली, "ये, आपलं बोलणं छापलंय." ती पदराला हात पुसत आली. तो ताण्याच्या कडेनं मागंपुढं चालत होता आणि मी शेजारून वाचत होतो. निम्मं पुस्तक झाल्यावर तो आदबीनं म्हणाला, "लई मोठं लिवलंय सायेब, पण आमचं कुटं येतंय?" "पुढं आहे," मी म्हणालो आणि शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिलो. बायको केव्हाच आत गेली होती. त्यानंतर माझी सहा पुस्तकं निघाली. आता सभेत लोकभाषेचे अभ्यासक म्हणून माझी ओळख करून देतात, आणि मी उठून नमस्कार करतो.