मी क्वीन्सटाउनमध्ये, ताई बुखाऱ्यात

या ग्रुपवरचे असले गूढ अनुभव मी टाइमपास म्हणून वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा मनात हसतोही. आई गेली तेव्हा पिंडाला कावळा शिवेना. मामा म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असेल." मी म्हणालो, "कावळ्याचं पोट भरलं असेल." सगळ्यांसमोर म्हणालो! असा मी माणूस. त्यामुळे हे लिहायला इतकी वर्षं लागली.

गोष्ट २०१८ ची. सिंगापूरला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली होती. क्वीन्सटाउनमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. माझं ऑफिस अलेक्झांड्राला, चालत वीस मिनिटं. बायको मुग्धा जुरोंग ईस्टला नोकरीला.

सुनंदाताई माझी सख्खी मोठी बहीण, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. पुण्यात शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही. बाबा लवकर गेले, आई नोकरीवर, त्यामुळे मला तिनेच वाढवलं म्हटलं तरी चालेल. सत्तावन्नाव्या वर्षी तिने नोकरी सोडली आणि एकटी फिरायला लागली. ग्रुप टूर तिला चालत नाही, गाइड तर नाहीच. स्वतःची वॉकिंग टूर ती स्वतः आखते. त्या वेळी डोक्यात बुखारा होतं. ती आमच्याकडे दहा दिवस राहून पुढे उझबेकिस्तानला जाणार होती, परततानाही आमच्याकडे येऊन. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून तिने सतरा स्टॉप काढले — तलाव, घुमटांचे बाजार, मोठा मिनार, किल्ला — आणि प्रत्येक दोन स्टॉपमधलं अंतर स्वतःच्या पावलांत बसवून कागदावर लिहिलं. रोज सकाळी पाठीवर सॅक लावून घराजवळच्या बंद पडलेल्या जुन्या रेल्वे लाइनवर दोन तास चालायची. सवय हवी म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं. मी म्हणत होतो, निदान पहिल्या दिवशी तरी कोणीतरी सोबत घे. ती ऐकेना. मी चिडून बोललो, "या हट्टीपणामुळेच तू एकटी राहिलीस!"

तिने चमचा खाली ठेवला. विमानतळावरही माझ्याशी बोलली नाही.

पण तिकडे पोचल्यावर प्रत्येक स्टॉपवरून मेसेज यायला लागला. मी उत्तर देत नव्हतो. वाचत मात्र होतो… आणि ती ठेवून गेलेल्या कागदाच्या झेरॉक्सवर तेवढ्या स्टॉपला टिक करत होतो.

गुरुवार होता. दुपारी एकला मी आणि ऑफिसातला वेई लियांग हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मोठ्या शेडमध्ये, जेवायला गेलो. बुखारा सिंगापूरपेक्षा तीन तास मागे, म्हणजे तिकडे सकाळचे दहा. नेहमीची गर्दी, नेहमीचा उकाडा. मी थोसाई, म्हणजे इथला डोसा, घेऊन बसलो आणि फोन वाजला.

"स्टॉप अकरा. किल्ला. भिंत बघायला हवीस, उलट्या ठेवलेल्या रांजणासारखी फुगलीये. मागून एक गल्ली जाते. माझ्या कागदावर नाहीये. पटकन जाऊन येते."

मी फोन पालथा ठेवला. पाच-सात मिनिटं झाली असतील. वेई लियांग ऑफिसातल्या सॉफ्टवेअर रिलीजबद्दल काहीतरी सांगत होता.

मागून कोणीतरी माझी कॉलर धरली आणि खेचलं.

मी खुर्चीसकट मागे पडलो. उठेपर्यंत पाठीवर फटका बसला — हाताचा नाही, लोखंडाचा. श्वासच अडकला. दुसरा फटका येतोय हे मला दिसलं नाही, पण कळलं. डावा हात आपोआप डोक्यावर गेला आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. माझ्यासमोर कोणी नव्हतं. फरशी, सांडलेलं सांबार, आणि चार हात लांब उभी राहिलेली माणसं.

पण कोणी नव्हतं असं तरी कसं म्हणू? माझ्या अंगावर कोणाचं तरी वजन होतं. कच्च्या कांद्याचा आणि तंबाखूचा वास येत होता. मी उजव्या हाताने ठोसा मारला तर तो हवेत गेला नाही… गालावर बसला. बोटांना दाढीचे खुंट लागले.

मी आयुष्यात कोणाला मारलेलं नाही. शाळेतही नाही. त्या दिवशी मी मारत सुटलो. समोरचा धडपडला, खाली कोसळला, हे मला हाताला कळत होतं. तरी मी गुडघ्यांवर बसून मारतच होतो. वेई लियांग "ब्रो! ब्रो, स्टॉप!" म्हणून ओरडत होता. सांगायला लाज वाटते — मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात ताईचा आवाज आला. अगदी कानाशी. मला अन्या म्हणणारी ती एकटीच. "अन्या, पुरे!"

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि तरी आणखी दोन मारले.

तिसरा ठोसा मात्र शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या चिनी अंकलना लागला. ते मला उठवायला वाकले होते. त्यांची कवळी तुटली, ओठ फाटला, शर्टावर रक्त आणि कॉफी. ते खाली बसले आणि माझ्या हाताखालचं सगळं एकदम नाहीसं झालं. ओल्या फरशीवर मी एकटा.

पोलीस आले, अँब्युलन्स आली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि पोलिसांना बाहेर थांबायला सांगून मला विचारलं, "कोणी मारलं तुम्हाला? घरी काही त्रास आहे का?" पडून हात मोडला तर असा मोडत नाही म्हणाले. वार अडवायला हात वर केला की असा मोडतो. पाठीवर एक लांब, सरळ वळ होता. मुग्धा दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ते ती अजून विसरलेली नाही.

फिट येते का, दारू, गोळ्या — सगळं विचारून झालं. मेंदूचा स्कॅन झाला. काही निघालं नाही. पोलीस अधिकारी सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "सर, कॅमेऱ्यात तुमच्या जवळपास कोणी नाही. पण तुम्ही जसे मागे गेलात ना… तसं माणूस स्वतःहून जाऊ शकत नाही." एवढं म्हणून त्याने वही मिटली.

अंकलनी तक्रार केली असती तर माझा वर्क पास गेला असता, कदाचित तुरुंगही. चौथ्या दिवशी संत्री घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. आमच्यापासून तीन ब्लॉक पलीकडे. मुलीने दार उघडलं आणि मला ओळखून तिथेच आडवी उभी राहिली.

"माय फादर सेव्हंटी-सिक्स, यू नो!"

मी मान खाली घालून "सॉरी" म्हणत राहिलो. आतून अंकल काहीतरी बोलले. ती नाइलाजाने बाजूला झाली. त्यांचा अर्धा चेहरा काळानिळा पडला होता. त्यांनी संत्री घेतली, मला बसायला सांगितलं आणि स्वतःच्या कॉलरला चिमटीत धरून मागे ओढून दाखवलं.

"आय सी युअर शर्ट," ते म्हणाले. "समबडी पुल. नोबडी देअर, बट समबडी पुल. यू नॉट हिट मी. यू हिट हिम. आय कम इन द मिडल, लाह."

त्यांनी तक्रार केली नाही.

त्याच संध्याकाळी ताई परत आली. मधल्या दिवसांत तिने मला एवढाच मेसेज केला होता — "ठीक आहे. उरलेले स्टॉप सोडून देतेय." आम्हीही तिला काही कळवलं नव्हतं, उगाच परदेशात काळजी नको म्हणून. मुग्धाने दार उघडलं. ताईने आत पाऊल टाकलं, माझ्या गळ्यातला प्लास्टर केलेला हात बघितला आणि पायातले बूट न काढता चपलांच्या कपाटावरच बसली.

"गुरुवारी?" तिने विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"दहा वाजता. म्हणजे तुमच्याकडे एक."

मुग्धाने तिला पाणी दिलं. ग्लास हातात धरून ती बोलत राहिली, प्यायली नाही.

किल्ल्यामागच्या गल्लीत ती पन्नास-साठ पावलं गेली होती. दोन्हीकडे मातीच्या बंद भिंती. एक माणूस पुढून आला. हातात लोखंडी सळई. सॅक मागत होता. हिने दिली नाही — पासपोर्ट होता त्यात. ही पळायला वळली तशी त्याने मागून कुडत्याची कॉलर धरून हिला खेचलं आणि सळई उचलली.

"मी डोळे मिटले, सॅक डोक्यावर धरली," ताई म्हणाली. "फटक्याचा आवाज आला. पोत्यावर मारल्यासारखा. मला काही लागलं नाही. दुसरा आवाज आला… आणि कोणीतरी कण्हलं. अन्या, तुझं कण्हणं मला कळतं रे. तुझे टॉन्सिल काढले तेव्हा रात्रभर मीच बसले होते तुझ्याजवळ."

"मग?"

"डोळे उघडले तर तो सळईकडेच बघत होता. गोंधळून. आणि त्याचं तोंड एकदम एका बाजूला फिरलं. परत फिरलं. समोर कोणी नाही आणि तो मार खातोय. सळई पडली, तो पडला. नाकातून रक्त. पालथा झाला, डोकं हातांत धरलं, त्याच्या भाषेत विनवण्या करायला लागला. रडत होता तो. तरी थांबेना."

मुग्धा म्हणाली, "ताई, नका सांगू."

"मी ओरडले. तुझं नाव का तोंडात आलं कोण जाणे. अन्या, पुरे, म्हणून ओरडले." तिने माझ्याकडे बघितलं. "त्यानंतरही दोन मारलेस."

मी विचारलं, "श्वास चालू होता का त्याचा?"

"मी बघितलं नाही," ताई म्हणाली. "पळाले मी. तलावापर्यंत पळत आले. लोकांनी बसवलं, चहा दिला. इतकी चांगली माणसं आहेत रे तिथली… आणि मी कोणालाच सांगितलं नाही, की मागे गल्लीत एक माणूस पडलाय."

पुढचे कित्येक महिने मी इंटरनेटवर शोधत होतो. त्यांच्या भाषेतल्या बातम्या भाषांतर करून वाचल्या. काही सापडलं नाही. याचा अर्थ तो उठून घरी गेला, असं मुग्धा म्हणते. असेलही.

कोणी म्हणेल टेलिपथी, कोणी म्हणेल रक्ताचं नातं. मोडलेल्या हाडाचं टेलिपथीने काय करणार? मी सगळे तर्क लावून बघितले, एकही पुरा पडत नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीला आम्ही पुण्याला गेलो. भाऊबीजेला ताईने पाट मांडला, मला ओवाळायला लागली. सगळं नेहमीसारखं, हसत-खेळत. ओवाळता ओवाळता तबकातलं निरांजन कललं. ते पडू नये म्हणून मी पटकन हात पुढे केला.

ताईने डोळे घट्ट मिटले आणि दुसरा हात डोक्यावर धरला.

क्षणभरच. मग तिने तबक सरळ केलं, काही झालंच नाही अशी पुढे ओवाळत राहिली. मी हात मागे घेतला.