छातीवर अ‍ॅस्बेस्टॉस, पाठीवर सिमेंटचा पत्रा

तुमच्या गोठ्यावर, कांद्याच्या चाळीवर, बाजारातल्या शेडवर कसला पत्रा आहे, सांगता येईल तुम्हाला?

हा प्रश्न मी आता इतक्यांना विचारला आहे की विचारतानाच थकायला होतं. उत्तर ठरलेलं असतं, "सिमेंटचा." उन्हात तापत नाही, गंजत नाही, कांदा टिकतो. पारनेरकडच्या आमच्या भागात चाळीला तोच पत्रा लागतो आणि तो बसवायला माझे मामा लागायचे. मापात कापायचा, हुकांसाठी भोकं पाडायची, वर चढवायचा. संध्याकाळी पापण्यांपर्यंत पांढरे होऊन घरी यायचे. मामी म्हणायची, "काय वो, पिठाच्या डब्यात पडला हुता का काय?"

मग त्यांना धाप लागायला लागली. आधी टीबीच्या गोळ्या झाल्या, नंतर दम्याचा पंप. शेवटी नगरच्या डॉक्टरीणबाईंनी अ‍ॅस्बेस्टॉस हा शब्द उच्चारला. त्याचे तंतू फुफ्फुसात रुतलेत, फुफ्फुस कडक झालंय, ते आता पूर्ववत होणार नाही. मामांच्या हाताखाली त्यांचा मुलगा तयार झाला होता आणि आता सगळं काम तोच बघत होता. माझा जीव अडकला तो त्याच्यात.

पत्रकं हे आमच्या घरचं हत्यार. वडील चळवळीतले. बाराखडी मी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. अन्याय दिसला की माझा हात आधी मजकुराकडे जातो. तसा गेला. पत्रक लिहिलं, वाटलं, लोकांनी त्यात शेंगदाणे बांधून नेले. मैत्रिणी म्हणाल्या, पत्रकं कोण वाचतं आता, दौड घेऊ. भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं गावोगाव आहेतच, टी-शर्ट मिळणार म्हटल्यावर येतील. जमलेल्या देणग्यांतून मामांसारख्यांसाठी ऑक्सिजनचं मशीन घ्यायचं ठरलं.

दौड छान झाली. म्हणजे छान झाली असं सगळे म्हणाले. टी-शर्टवर छातीशी माझी ओळ होती, "अ‍ॅस्बेस्टॉस हटवा, श्वास वाचवा." मामेभाऊही पळाला. मामांनी जीपमध्ये बसून टाळ्या वाजवल्या आणि तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. एका पुढाऱ्यांनी भाषणात "ह्या अ‍ॅस्बेस्टर नावाच्या जंतूला हद्दपार करू" असं जाहीर केलं. मी दुरुस्त करायला उठले नाही. तेवढं त्राण नव्हतं. फोटो निघाले, केळी वाटली, मैदान रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना तपासणीला घेऊन निघालो. रस्त्यालगत एका चाळीचं काम चालू होतं. ग्राइंडरचा आवाज, पांढरा धुरळा आणि त्या धुरळ्यात आमच्या दौडीचा टी-शर्ट. तो मामेभाऊ होता. मी जीप थांबवायला सांगून खाली उतरले.

"अरे, काय करतोयस?"

"पत्रा कापतोय. दिसत न्हाई व्हय?" त्याने तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"काल पळालास कशासाठी?"

"दादांसाठी." वडिलांना तो दादा म्हणतो. "ते अ‍ॅस्बेस्टॉस बंद व्हावं म्हनून."

"मग हे काय आहे?"

"ह्यो? ह्यो सिमेंटचा पत्रा हाय, ताई." खुळ्या माणसाला समजवावं तसा बोलत होता. "ते अ‍ॅस्बेस्टॉस फॅक्टरीत असतंय. दादा आधी शुगर फॅक्टरीला हुते की. तिथंच लागलं आसंल."

चाळीचा मालक दगडावर बसून ऐकत होता. तो हसला. "ताई, त्याच्या पाठीव काय लिहिलंय ते तरी वाचा."

मामेभाऊ वळला. पाठीवर टी-शर्ट देणाऱ्या हार्डवेअरच्या दुकानाची जाहिरात होती. सिमेंट पत्रे, पाईप, पाण्याच्या टाक्या, सर्व काही मिळेल. त्या दुकानदाराने मनापासून मदत केली होती. त्यालाही काही ठाऊक नव्हतं. सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसच असतं. छातीवर जे हटवायचं तेच पाठीवर विकायला होतं, फक्त गावात त्याला दुसरं नाव होतं आणि ते आमच्या पत्रकात एकदाही आलं नव्हतं. पळणाऱ्यांतल्या कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही. आमच्यातल्याही कुणाच्या नाही.

तोवर मामा जीपमधून उतरले. चार पावलांत त्यांना दाराला टेकावं लागलं.

"ए, बंद कर ते."

"दादा, आज झाकायचीय चाळ. कांदा उघड्याव पडलाय."

"फॅक्टरीत मी एक हंगाम हुतो." मामा श्वासासाठी थांबले. "पत्रा जनमभर कापला. मंग मला काय साखरंनं झालंय व्हय?"

मालक हसायचा थांबला. ग्राइंडर बंद झाला.

जिंकलो ते एवढंच, तेही अर्धवट. मामेभावाने काम सोडलेलं नाही. सोडून करणार काय? शक्यतो मापाचेच पत्रे मागवतो. कापायची वेळ आली तर भिजवून हातकरवतीने कापतो. मास्क कधी लावतो, कधी विसरतो. कामावरचे कपडे घरात नेत नाही. आजवर त्याच्या छातीत काय गेलं असेल ते आत्ताच्या एक्स-रेत दिसत नाही, दिसायला कित्येक वर्षं जातात. तेव्हा आपण नसू हे मामांना माहीत आहे. परवा नळी नाकात अडकवता अडकवता म्हणाले, "त्याला पानी मारायला सांगत जा, बाई. माझं आयकून घेतो नुसतं." मी सांगते. तो म्हणतो, "मारतो की, ताई." खरं काय ते त्या धुरळ्यालाच ठाऊक.

मैत्रिणी विचारतात, यंदा दौड घ्यायची का? घेऊ. पण तुम्ही पळायला नाही आलात तरी माझी तक्रार नाही. एवढं मात्र करा. तुमच्या गावात पत्रे बसवणारा जो कुणी असेल, त्याला आजच गाठा. अ‍ॅस्बेस्टॉस हा शब्द नंतर. आधी त्याच्या भाषेत सांगा की सिमेंटच्या पत्र्याची धूळ छातीत जाऊन बसते, रुमालाने ती अडत नाही, पत्रा कोरडा कापू नको, फोडू नको, ग्राइंडर लावू नको. आणि चाळ तुमची असेल, तर एक दिवस उशीर झाला तरी त्याला घाई करू नका.