हात लावल्याशिवाय

“हात लावल्याबिगर मोजायचा नाय,” असं म्हणत यंत्रांची यादी सांभाळणारे आमचे वैद्यबुवा कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा ठेवायचे. गरम लागला की कागदावर बरोबरची खूण. तारापूरच्या आमच्या कारखान्यात इतक्या मनापासून मोजणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्या माणसाचं आम्ही काय केलं ते आठवलं की आजही शिसारी येते.

काम तसं साधं. कारखान्यातल्या कॉम्प्युटरांवरच्या माहितीची रोज दुसरीकडे नक्कल ठेवणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्याचं लायसन्स चाळीस यंत्रांपुरतं. यादीतल्या त्या चाळीस जागांवर कुठलं यंत्र बसलंय, कुठली जागा फुकट अडलीय, हे बघायचं काम त्यांच्याकडे. पडद्यावर यादी दिसायचीच. दुसऱ्या कोणी खुर्चीतूनच छापून दिली असती. ते मात्र दर महिन्याला गोदामापासून बॉयलरपर्यंत अख्खा कारखाना पालथा घालत. “आले वैद्यबुवा नाडी बघायला,” असं आम्ही चिडवायचो.

“आमच्या नवापूरला बोटी परत आल्या की मोजतात,” ते सांगायचे. “लांबून दिसली म्हणून कोन मोजत नाय. किनाऱ्याला लागली, हात लावला, मग एक.”

वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर भंगारात जाऊन वर्ष झालं होतं, तरी यादीत त्याचं नाव ठणठणीत. हे त्यांना सापडलं तेव्हा ते थेट माझ्या लॅबमध्ये आले. “ताई, मेलेल्याच्या नावावर रेशन चाललाय!” ती जागा त्यांनी माझ्या कॉम्प्युटरला दिली. त्यात बारा वर्षांचे तपासणीचे निकाल होते आणि तोवर त्यांची नक्कल कुठेच नव्हती. “आता झोपा निवांत,” म्हणाले, आणि डब्यातले बोंबीलही पुढे केले.

पुढे साहेबांच्या केबिनमध्ये नवा कॉम्प्युटर आला. जागा चाळीसच, त्याही भरलेल्या. ‘चाळीस पुरतात’ असं साहेबांनी स्वतःच वरच्यांना लिहून दिलेलं. दिलेला शब्द गिळायचा कसा? त्यांनी वैद्यबुवांना यादीतून लॅबचं नाव काढायला सांगितलं. “चालू मशीन मी काढनार नाय,” असं म्हणून ते निघून आले.

मग साहेबांनी मला बोलावलं. “यंत्र बंद पडलंय, एवढं लिहून द्या. महिन्याभरात नाव परत घालू.” अॅसिडच्या वासापासून लांब, खिडकीजवळचं टेबल मला हवं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी सही केली. एका टेबलासाठी! लिहितानाही तोंड कडू होतं.

दुसऱ्या दिवशी माझा कागद घेऊन वैद्यबुवा लॅबच्या दारात आले. तळवा पुढे होताच. मी दार अडवलं. “आत अॅसिड सांडलंय, येऊ नका. गेलं ते यंत्र.” यंत्राची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून मी वास ओढणारा मोठा पंखा आधीच लावून ठेवला होता. इतकी हुशारी मी कामात कधी दाखवली नव्हती.

“तुमी हात लावलात ना, ताई?”

“हो.”

“मग मी लावल्यासारकाच.” त्यांनी हात मागे घेतला आणि यादीतून लॅबचं नाव काढलं.

महिना उलटला. साहेब विसरले, मीही आठवण करून दिली नाही. मग एका सकाळी ते यंत्र खरोखरच सुरू होईना. यादीतून नाव काढताच जुनी नक्कलही पुसली गेली होती; बारा वर्षांचे निकाल गेले ते गेलेच.

चौकशीत साहेब म्हणाले, “यादी तर हेच सांभाळतात.” मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले. माझ्या सहीचा कागद वैद्यबुवांच्या खिशात होता. तो काढला असता तर नोकरी वाचली असती. “मी हात लावल्याबिगर मोजला,” एवढंच ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांना घरी पाठवायचं ठरलं.

खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. यादी आता खुर्चीतूनच छापून येते आणि दर महिन्याला चाळीस भरतात. तुम्हीही अशा याद्या पाहिल्या असतील. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

जाण्याआधी ते लॅबमध्ये आले होते. त्या यंत्रावर त्यांनी तळवा ठेवला. “थंड हाय,” म्हणाले. मग खिशातला कागद काढला, माझ्या सहीपुढे बरोबरची खूण केली आणि तो माझ्या हातात दिला.

“घ्या, ताई. आता खरा झाला.”