वीतभर पाट

मिस्त्रींना गल्लीत सगळे 'मुके मिस्त्री' म्हणत. ते मुके मुळीच नव्हते. जेवणात मीठ कमी पडलं तर बायकोला ऐकवण्याइतकी वाचा त्यांना चांगली होती. पण कामाचं विचारलं की तोंडाला कुलूप. सरकारी सभांची व्यासपीठं ते बांधत, आणि त्यावर एक वस्तू अशी असे की तिच्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

देश स्वतंत्र झाला तेव्हा मिस्त्री तरुण होते आणि थोरले साहेब सगळ्यांचे लाडके. तुरुंगातून सुटून आलेला हडकुळा, बुटका माणूस. सभागृहात आला की लोक प्रेमानं उठून उभे राहत आणि खाली बसायचंच विसरत. पहिल्याच सभेत कुणीतरी म्हणालं, मागच्यांना साहेब दिसत नाहीत. मिस्त्रींनी घरातलं जपून ठेवलेलं सागवान काढलं आणि साहेबांना उभं राहायला वीतभर उंचीचा पाट हौसेनं करून दिला.

पुढच्या वर्षी निरोप आला, थोडा अजून. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. निवडणुका बंद झाल्या, वर्तमानपत्रं एका सुरात गायला लागली, आणि पाट आपला वाढतोच आहे. मिस्त्रींना ते पहिलं लाकूड टाकवेना, म्हणून ते जुन्यावरच नवी फळी ठोकत. शेवटी शेवटी साहेबांना दोघांनी हात धरून वर चढवावं लागे. पाटाला व्यासपीठाच्याच रंगाचं कापड, आणि तो न्यायचा-आणायचा फक्त मिस्त्रींनी. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना तो दिसे आणि कुणालाच दिसत नसे. हे कसब ज्याला जमलं नाही, तो दुसऱ्या दिवसापासून कामावर येईनासा होई.

लेक कॉलेजात गेली आणि चोरून पत्रकं वाटायला लागली. एक दिवस ट्रंक भरून दारात उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत." मिस्त्रींना पुष्कळ सांगायचं होतं, पण सवयीनं तोंड उघडलंच नाही. ती गेली. त्या रिकाम्या खोलीचं दुःख त्यांनी कित्येक वर्षं एकट्यानं गिळलं.

पुढे साहेबांना लोकांनीच घालवलं. निवडणूक झाली आणि एका शाळेतल्या बाई निवडून आल्या. लेक त्यांच्या कचेरीत कामाला लागली आणि त्यांचाच निरोप घेऊन घरी आली: व्यासपीठ एका पायरीचं हवं, बाई लोकांच्या बरोबरीनं उभ्या राहणार. आई डोळे पुसत राहिली आणि तिकडे चहा उतू गेला. मिस्त्रींनी त्या एका पायरीला इतका रंधा मारला, की बाई घसरून पडतील अशी धास्ती बायकोला लागली.

वर्षभरानं, जेवून हात धुताना, लेक सहज बोलून गेली.

"बाबा, परवाच्या सभेला बाईंच्या पायाखाली काहीतरी करा ना. मागच्यांना दिसत नाहीत त्या. फार नको, वीतभर."

मिस्त्रींना हो म्हणायला काही लागत नव्हतं, काम तासाभराचं. नाही म्हटलं आणि पोरीनं पुन्हा ट्रंक भरली तर? या वयात ते त्यांना झेपणार नव्हतं. तरी ते उठले, कोपऱ्यातला जुना पाट ओढून काढला आणि लेकीसमोर एकेक फळी उचकटायला लागले. खिळे करकरत होते. तळाशी सागवान उरलं.

"ही पहिली," ते म्हणाले. "वीतभर. मागच्यांना दिसत नाही, म्हणूनच केली होती."

"बाई तशा नाहीत, बाबा."

"साहेबही नव्हते."

लेकीचा चेहरा उतरला. मिस्त्री तिला घेऊन सभागृहात गेले, शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्या एका पायरीवर जाऊन उभे राहिले. उंचीनं ते बाईंएवढेच होते.

"दिसतोय का मी?"

"दिसताय."

"कितपत?"

"पायापर्यंत." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मागच्या सभेला सगळे उभे होते, बाबा. बाई आल्या आणि लोक उठले ते बसलेच नाहीत."

"आधी कोण उठलं?"

"आम्हीच. कचेरीतले. सगळ्यात आधी मीच."

मिस्त्री पायरीवरून उतरले, चालत तिच्यापर्यंत आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. पाट ते करणार नव्हते. ते तसं स्पष्ट म्हणाले, आणि आपलंच 'नाही' त्यांना परक्यासारखं ऐकू आलं.

"दुसरा मिस्त्री मिळेल त्यांना," लेक म्हणाली.

"मिळेल की. मिस्त्रींना काय तोटा."

ती हसली नाही. परवा आपण बसूनच राहणार, असं मात्र तिनं सांगितलं, आणि बाबांनी शेजारी येऊन बसावं असंही. एकटीला भीती वाटेल म्हणाली.