गप्पमामाचं अस्तर

महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात दिवसा त्या चित्रपटगृहात माझ्याशिवाय कोणी नसायचं. स्पर्धेत निवडलेल्या फिल्म पडद्यावर लावून बघायच्या, चित्र अडकतंय का, आवाज तुटतोय का ते तपासायचं, हे माझं काम. त्या दुपारी पडद्यावर एक रिकामं ब्युटी पार्लर होतं. खुर्च्या नेलेल्या, भिंतीवरचे आरसे उतरवलेले आणि त्यांच्या जागी रंगाचे फिकट चौकोन उरलेले. कॅमेरा जागचा हलत नव्हता. आणि माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी श्वास सोडला.

मी वळून पाहिलं. सगळ्या खुर्च्या मिटलेल्या. पडद्याकडे तोंड केलं तर पुन्हा तेच. श्वास आत जाताना काही ऐकू येत नव्हतं. बाहेर येताना मात्र शेवटी एक बारीक शीळ वाजत होती. माझ्या अंगावर काटा आला तो भुताच्या भीतीने नाही. ती शीळ माझ्या ओळखीची होती. लहानपणी सुट्टीत मामाकडे राहायला गेले की मी मामीच्या कुशीत झोपायचे आणि हीच शीळ ऐकत मला झोप लागायची. मामीला दमा होता. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

फिल्म मागे नेऊन पुन्हा लावली. श्वास फिल्मच्या आवाजातच होता, मागच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून येत होता. शेवटच्या नावांमध्ये ‘ध्वनी’ या शब्दापुढे माझ्या मामाचं नाव होतं.

मामाला नवीन फिल्म करणारी सगळी पोरं गप्पमामा म्हणतात. वास्तविक त्याच्याइतका बडबड्या माणूस आमच्या खानदानात दुसरा नाही. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसलेला माणूस उपाशी उठतो. नाव पडलं ते कामामुळे. एखाद्या खोलीतलं चित्रीकरण संपलं की सामान आवरायच्या आधी तो हात वर करून ओरडायचा, “गप्प.” मग दिग्दर्शकापासून चहा आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी असतील तिथे पुतळे होऊन उभं राहायचं, आणि मामा त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून घ्यायचा.

शांतता रेकॉर्ड कशाला करायची, असं मीही एकदा विचारलं होतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. एकीत ट्यूबलाइट गुणगुणते, एकीत भिंतीतला पाइप कुरकुरतो, एकीत लांबचा रस्ता झिरपत येतो. संवाद कापून जोडले की मध्ये भोकं पडतात, आणि त्या भोकांत खरोखरच काही नसलं तर ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. म्हणून सगळ्याच्या खाली त्या खोलीची शांतता अंथरायची. मामा तिला अस्तर म्हणतो.

मामी त्याला भेटली ती स्टुडिओत. तो तिथे शाळांसाठी धडे रेकॉर्ड करायचा आणि ती ते वाचायला यायची. तिचा आवाज फार गोड होता असं आई सांगते. पण स्टुडिओत जुन्या टेपवर नवीन रेकॉर्डिंग करायची रीत होती. मामीच्या धड्यांवर पुढे कोणाकोणाची भाषणं, कसल्याकसल्या जाहिराती चढल्या आणि ती पुसली गेली. ते पुसायचं कामही मामाचंच. तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नाही. बाई तर घरीच होती, रोज बोलत होती.

मामा निवृत्त झाला आणि नवख्या पोरांच्या फिल्मचा आवाज सांभाळू लागला. मामी त्याच्याबरोबर जायची, लांब काठीला लावलेला माइक धरायची. अस्तर घेताना तिची पंचाईत व्हायची. मामा कानावरचा हेडफोन सरकवून म्हणायचा, “अगं, जरा श्वास धर ना.”

ती सगळ्यांदेखत म्हणायची, “बायकोला श्वास घेऊ नकोस म्हणणारा हा एवढाच एक नवरा. बघून घ्या रे पोरांनो.”

पोरं हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची. ते बिघडलेले अस्तरांचे तुकडे मामाने टाकून दिले असतील असंच आम्ही धरून चाललो होतो.

त्या दुपारी मी मामाच्या बाकीच्या फिल्मही काढून ऐकल्या. यंदाच्या स्पर्धेतल्या आणखी दोन फिल्ममध्ये ती होती. एकीत स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजाखाली. दुसरीत दोन भावांच्या भांडणाखाली. गेल्या वर्षीच्या फिल्ममध्येही होती. मी गेल्या वर्षी त्या सगळ्या तपासल्या होत्या आणि मला काही कळलं नव्हतं. गेल्या वर्षी मामी महोत्सवाला आली होती, हजारो लोकांमध्ये बसून गेली होती.

संध्याकाळी मामाच्या घरी गेले. तो मटार सोलत बसला होता.

“मामा, पार्लरच्या फिल्मला अस्तर कुठलं आहे?”

“पार्लरचंच.”

“खरं सांग.”

“इंजिनियर झालीस म्हणून आता मामाची उलटतपासणी?” तो हसला, पण हात थांबले. “घरचं आहे. आपल्या पुढच्या खोलीचं. तीन वर्षांपूर्वीचं. चांगलं निघालंय.”

“मामी ऐकू येते त्यात.”

“पंखा असेल.”

“मामा.”

त्याने एक शेंग उघडली, दाणे वाटीत पाडले आणि साल दाण्यांतच टाकलं. “हॉलमध्ये एवढं ऐकू येतं?” त्याने विचारलं. त्याच्या आवाजात अपराधीपणा नव्हता. आशा होती, आणि ती मला बघवली नाही.

मग त्याने सांगितलं. मामी गेल्यापासून त्याने एकाही खोलीची शांतता रेकॉर्ड केली नव्हती. चित्रीकरण संपलं की तो हात वर करायचा, “गप्प” म्हणायचा, पोरं थिजायची आणि तो यंत्राचं बटण दाबायचाच नाही. घरी येऊन जुन्या तुकड्यांतला एखादा लावायचा. “मी तिचं बोलणं कधी रेकॉर्ड केलं नाही गं,” तो म्हणाला. “चाळीस वर्षं माइक हातात, आणि तिला कायम गप्पच बसवलं. राहिलंय ते एवढंच.”

मी त्याच्याबरोबर मटार सोलत बसले. पण दुसऱ्या दिवशी पार्लरच्या फिल्मची दिग्दर्शिका आपली फिल्म मोठ्या पडद्यावर बघायला येणार होती, आणि तिचे कान तिखट होते.

ही मुलगी आमच्या महोत्सवात पहिल्यांदाच आली होती. घरात कोणी फिल्म केलेली नाही, सिनेमा म्हणजे टीव्हीवर रविवारी लागतो तो. आईचं पार्लर बंद पडलं, जागा सोडावी लागली, त्यावर तिने ही छोटी फिल्म केली. जो जिंकेल त्याला पुढच्या फिल्मसाठी कॅमेरा, संकलनाची खोली आणि वर्षभर शिकवायला एक जाणतं माणूस मिळणार होतं. तिला तेवढी एकच वाट होती; घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की हे झालं नाही तर नोकरी बघ. मामा तिला ‘डायरेक्टर’ अशी हाक मारायचा, थोडी थट्टेने, थोडी कौतुकाने.

ती मधल्या रांगेत बसली, मामा तिच्या बाजूला, मी मागे. पडद्यावर तिची आई खुर्च्या पुसते, शेवटच्या बाईचे केस कापते, कुलूप लावते. मग तो रिकाम्या पार्लरचा लांबच लांब शॉट. ती अर्ध्यातच उठून उभी राहिली.

“थांबवा. आत कोणीतरी आहे.”

मी थांबवलं.

“मामा, हा कोणाचा श्वास आहे?”

“माझ्या बायकोचा,” मामा म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. “माझ्या आईच्या पार्लरमध्ये तुमची बायको काय करतेय?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं, मामी वारली.”

“मला माहितीये ताई. शूटिंगच्या वेळी मामांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासाठी रडलेय.” तिने चष्मा काढून ओढणीने पुसला. “पण हा शॉट कोणी नसण्याचा आहे. तिथे कोणीच नाही, म्हणून तर तो एवढा लांब ठेवलाय. इथे कोणी श्वास घेतला तर माझी फिल्मच खोटी होते.”

मी म्हटलं, श्वास तेवढा सॉफ्टवेअरने काढता येईल, माझ्याकडे आहे ते, थोडा वेळ लागेल.

“नाही,” मामा म्हणाला. इतक्या जोरात तो फक्त ‘गप्प’ म्हणायचा. मग आवाज खाली आणून म्हणाला, “पाण्यात बुडाल्यासारखं ऐकू येतं त्याने.” ते खरं होतं. पण तो त्यासाठी नाही म्हणाला नव्हता. स्टुडिओत त्याने तिला एकदा पुसलं होतं.

“मग काय करू या?” डायरेक्टरने विचारलं. “अंतिम प्रत संध्याकाळपर्यंत द्यायचीये. मामा, तुम्हाला हे असंच ठेवायचं असेल तर तसं सांगा. मी फिल्म मागे घेते. तुमच्याशी भांडणार नाही मी.”

ती खरंच तसं करणार होती. मामाला तेही दिसलं असावं. तो उठून पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राजवळ, त्या फिकट चौकोनांजवळ गेला.

“जागेची किल्ली कोणाकडे आहे?” शेवटी त्याने विचारलं.

जागा मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एकाने घेतली होती. त्याचं सामान अजून आलं नव्हतं. डायरेक्टरने त्याला गाठून किल्ली आणली. आम्ही तिघं आत गेलो, शटर अर्धं ओढलं. आत शाम्पूचा वास अजून होता. एका कोपऱ्यात केसांच्या पिना पडल्या होत्या. मामाने यंत्र जमिनीवर ठेवलं, हेडफोन लावला. काठी कोण धरणार, असं तो म्हणाला नाही. नुसती ती हातात धरून उभा राहिला. डायरेक्टरने ती त्याच्याकडून घेतली.

“अशी?”

“थोडी वर. खांदा सैल सोड. अशी.”

मामाने हात वर केला. आम्ही थिजलो. शब्द काही आला नाही. बाहेरून एक स्कूटर गेली, शेजारच्या दुकानात कोणीतरी काहीतरी ठोकायचं थांबलं. मामाचा हात तसाच वर होता आणि ओठ हलत होते. मला वाटलं आता तो सगळं गुंडाळून निघून जाईल. मग तो इतक्या हळू म्हणाला की आम्हाला ते जेमतेम कळलं, “राहा बरं आता जरा शांत.” हे तो आम्हाला म्हणाला असेल. आम्ही तर आधीपासूनच शांत होतो.

त्याने बटण दाबलं.

पहिल्यांदाच मी मामाला रेकॉर्ड करताना डोळे उघडे ठेवलेलं पाहिलं. तो आमच्याकडे बघत नव्हता. आमच्या दोघींच्या मध्ये जी जागा होती, तिकडे बघत होता.

झाल्यावर त्याने हेडफोन काढून डायरेक्टरच्या कानावर ठेवला आणि पुन्हा लावून ऐकवलं.

“कोणी आहे का?”

तिने शेवटपर्यंत ऐकलं. “नाही मामा. कोणी नाही. ट्यूबलाइट आहे फक्त.”

त्याने हेडफोन परत घेतला आणि स्वतः ऐकलं. एकदा, मग आणखी एकदा. दुसऱ्या वेळी ऐकता ऐकता त्याची मान किंचित कलली, कोणी मागून बोलल्यावर कलते तशी.

“तुला नक्की नाही ऐकू आलं?”

“नाही.”

“मग चालेल,” तो म्हणाला. “हे लावा.”

अस्तर बदलून नवी प्रत मीच तयार केली. तो तुकडा संगणकावर उघडला तेव्हा मला राहवलं नाही. आवाज जाईल तितका वाढवून ऐकला, स्क्रीनवर आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. ट्यूबलाइटची एकसारखी बारीक थरथर होती, बाकी काही नाही. मग मी आवाज कमी केला, कारण खोलीत मी एकटी होते.

फिल्म दाखवली त्या दिवशी तो शॉट लागला आणि सगळा हॉल इतका शांत झाला, की मामाने ओरडूनही आयुष्यात कधी कुठली जागा तितकी शांत केली नसेल. पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीचा हात धरला. डायरेक्टरची आई मान खाली घालून बसली होती. बघत नव्हती, ऐकत होती. निकालात डायरेक्टरचं नाव आलं. ती स्टेजवर गेली, माइक हातात घेतला आणि तसाच परत देऊन खाली आली.

बाहेर गर्दीत एक पोरगा मामाजवळ आला. त्याचीही पहिली फिल्म होती, पुढच्या वर्षी पाठवायची म्हणत होता.

“गप्पमामा, माझी एक खोली राहिलीय. शूट झालं, पण शांतता घ्यायचीच विसरलो. तुमच्याकडे पुष्कळ आहेत म्हणे. त्यातली एखादी टाकाल?”

“नाही,” मामा म्हणाला. “किल्ली घेऊन ये.”

“पण मामा, जागा सोडली आम्ही. आता तिथे कोणीच नाही.”

“ते जाऊन ऐकल्याशिवाय कसं सांगणार?”

पोराने मान खाजवली, फोन काढला आणि घरमालकाचा नंबर शोधायला लागला.