सलाईन संपताना

सकाळच्या राउंडला मी बोलत होतो. खाटेभोवती माझे दहा-बारा विद्यार्थी वह्या घेऊन उभे होते. माझ्या पाठीमागे पेशंटच्या सलाईनची बाटली संपली होती आणि नळीत रक्त हळूहळू वर चढायला लागलं होतं. शेवटी पेशंटची बायकोच मुलांमधून वाट काढत पुढे आली आणि तिने नळीवरचं चाक फिरवून सलाईन बंद केलं.

"कोणालाच दिसलं नाही?" मी विचारलं.

माना खाली गेल्या. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "दिसलं होतं, सर. पण तुम्ही बोलत होतात."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. वॉर्डात नवीन असताना हीच मुलगी मला मध्येच थांबवून काही सांगू पाहत होती. "आधी डॉक्टर व्हा, मग बोला," असं मी म्हणालो होतो. सगळे हसले होते. मीही.

माझ्या सरांच्या मागे मीसुद्धा असाच गप्प उभा राहायचो. गप्प राहिलो म्हणूनच तर इथवर आलो.

आज दुपारी सभागृहात नेतृत्वगुणांवर माझंच व्याख्यान आहे. हजेरी लागते, त्यामुळे ही मुलं येतील, लिहूनही घेतील. शेवटी मी विचारीन, "काही शंका?" एकही हात वर होणार नाही. आणि तिकडे वॉर्डात ती बाई नळीवर डोळे लावून बसलेली असेल.