सात दावी

त्या मंगळवारी आम्ही आबांच्या सातही शेळ्या विकल्या. निर्णय माझा होता. आबा, म्हणजे माझे वडील, सत्तरी ओलांडून गेले होते. त्यांचे गुडघे दुखत आणि विंझरच्या घरामागचा डोंगर पावसात निसरडा होई. ते पडले, हाड मोडलं, तर मी भोरला असताना त्यांना उचलणार कोण, याचा मी वर्षभर विचार केला होता.

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. आबा एकेक दावं सोडत गेले आणि शेवटच्या गाठीपाशी रेंगाळले. घेणारा ओळखीचा होता. तो हसून म्हणाला, "आबा, म्या शेळ्या नेतोय, तुमास्नी न्हाई. सोडा की आता."

आबाही हसले. टेम्पो गेल्यावर मात्र मला म्हणाले, "आता डोंगरावर कशाला जाऊ म्या?"

"नकाच जाऊ. आराम करा," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं. दिवसभर ओट्यावर बसून राहू लागले, जेवण कमी होत गेलं, आणि दिवाळीआधी ते गेले. दहाव्याला त्यांच्याच वयाचे तीन गुराखी आले. डोंगरावर रोज आबांच्या शेजारी बसून भाकरी खायचो, असं त्यांनी सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. आबा पडतील एवढाच विचार मी केला होता. ते बसून राहतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

गोठा आता रिकामा आहे. सात दावी खुंटीला टांगलेली आहेत.